बाकी समक्ष भेटीत

पेणच्या आमच्या जुन्या घरात माजघराच्या दारामागे एक खिळा होता आणि खिळ्याला अडकवलेली जाड तार. तारेच्या खालच्या टोकाला लाकडाची चकती, वरचे टोक आकड्यासारखे वळवून टोकदार केलेले. आलेले पत्र वाचून झाले, घरातल्या सगळ्यांना ऐकवून झाले, की आजोबा ते तारेत ओवून टाकत. विजेची बिले, खताच्या पावत्या, लग्नपत्रिका असे बरेच काही त्या तारेत जाई. पण निम्म्याहून जास्त जागा पोस्टकार्डांनी अडवलेली, आणि ती कार्डे जवळजवळ सगळी एकाच हातची. रोह्याच्या आजोबांची. आमच्या आजोबांचे हे धाकटे भाऊ. बारीक, उजवीकडे झुकलेले अक्षर. कार्ड भरले की समासातून उभे लिहीत वर जायचे, तेही भरले की पत्त्याच्या बाजूला उरलेल्या कोपऱ्यात शिरायचे. तार प्रत्येक कार्डाच्या मधोमध गेलेली. त्यामुळे प्रत्येक पत्रातला एखादा शब्द कायमचा गेला आहे. कुठे भाताचा भाव, कुठे कुणाचे नाव.

पेण ते रोहा हे अंतर ते केवढे! वडखळ, नागोठणे, पुढे भिसे खिंड उतरले की रोहा. १९८६ मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत गेली तेव्हापासून तर पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा अशी बोटांवर मोजण्याइतकी स्टेशने. दोन्ही गावांच्या पिनकोडांतही एकच आकडा मधे येतो : पेण ४०२१०७, रोहा ४०२१०९, आणि मधला पोयनाडचा. तरी हे दोघे भाऊ आयुष्यभर एकमेकांना पत्रेच लिहीत राहिले. गणपतीला, रोह्यातल्या धावीर महाराजांच्या पालखीला, एखाद्या कार्याला भेट होई. भेटले की बोलत मात्र नसत. ओटीवर शेजारी शेजारी बसत. एक अडकित्त्याने सुपारी कातरी, दुसरा वर्तमानपत्राची घडी उलगडी आणि पुन्हा घाली. ‘काय, कसे काय?’ ‘ठीक आहे.’ संपले. मग परतीची गाडी गाठायला रोह्याचे आजोबा निघत आणि चौथ्या दिवशी पेणला कार्ड हजर : परवा बोलायचे राहून गेले म्हणून लिहितो.

त्या कार्डांतला मजकूर काय? भात झोडून झाले. यंदा मळणी लांबली. खालच्या खाचराच्या बांधाला खांड गेली होती ती बुजवली. गाय व्यायली, कालवड झाली, चीक पाठवायचा होता पण माणूस मिळाला नाही. वरच्या आळीतल्या वकिलांच्या मुलीचे जमता जमता फिसकटले असे ऐकतो. खरेखोटे देव जाणे. पोस्टमास्तरांची बदली झाली, नवे आले ते देशावरचे आहेत, त्यांना इथला पाऊस मानवत नाही. गुडघा तसाच. पोपटी लावणार आहोत, वालाच्या शेंगा भरल्या आहेत, मुलांना पाठवा. मूर्ती यंदा दीड फुटाची पुरे, डोळ्यांची आखणी मात्र शांत असावी, गेल्या वर्षीचा गणपती रागावल्यासारखा पाहत होता. हे सगळे एका कार्डात, एका दमात, स्वल्पविरामही न देता. रोह्याच्या घरात बसणारी मूर्ती दर वर्षी पेणहूनच जायची, आणि ती कारखान्यात जाऊन निवडण्याचे काम थोरल्या भावाचे. त्याबद्दल आभार वगैरे कधी कुठल्या कार्डात नाहीत. मूर्ती पोचली, एवढेच. आणि त्याच्या पुढे, एस.टी.च्या कंडक्टरने पोह्यांचा डबाही नीट आणून दिला, म्हणून.

आजोबा प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने एक तारीख घालत आणि पुढे लिहीत ‘उ. दि.’, उत्तर दिले. पत्र कधी आले आणि आपण कधी उत्तर दिले याचा हिशेब. पुढे मी पेशवे दप्तरातले कागद छापील रूपात वाचायला लागले तेव्हा तिथेही तीच सवय भेटली. पत्र कधी लिहिले ते शेवटी ‘छ’ घालून चंद्राच्या तारखेने दिलेले आणि ते कधी पोचले, त्याची पैवस्ती वेगळी नोंदलेली. या दोन तारखांच्या मधले दिवस म्हणजे जासूद चालत होता ते दिवस. घाट उतरत होता, खाडीच्या धक्क्यावर तरीची वाट पाहत होता, पुराचे पाणी ओसरायची वाट पाहत होता. एवढ्या दिवसांत घरचे वर्तमान शिळे होई, कधी खोटेही ठरे. पत्रात ताप उतरला म्हणून लिहिलेले असायचे आणि पत्र हातात पडेपर्यंत तो पुन्हा चढलेला असायचा.

मराठी माणसाने भावाला पत्र लिहिण्याचा हा काळ मला फार जवळचा वाटतो. बाळाजी विश्वनाथ भटांना १७१३ मध्ये पेशवेपद मिळाले. त्याच्या दुसऱ्याच वर्षी इंग्लंडच्या गादीवर पहिला जॉर्ज बसला. पुढे चार जॉर्ज एकामागून एक झाले. चौथा १८३० मध्ये गेला तेव्हा पेशवाई बुडून बारा वर्षे आणि शनिवारवाडा जळून दोन वर्षे झाली होती. दोन टोकांवरचे दोन समाज, पण दोन्हीकडे घरे पत्रांवर चालत होती. तिकडचे भाऊ तर इथे येऊन एकमेकांना लिहीत होते. थोरला रिचर्ड वेलस्ली कलकत्त्यास गव्हर्नर जनरल, मधला आर्थर फौजेत, धाकटा हेन्री थोरल्याच्या हाताखाली. १८०१ मध्ये इजिप्तकडे निघालेल्या मोहिमेची सरदारी आर्थरकडून काढून बेअर्ड नावाच्या दुसऱ्या सेनापतीला दिली गेली. आर्थरचा राग थोरल्या भावावर, पण तो मनमोकळेपणाने कागदावर उतरला तो धाकट्याला लिहिलेल्या पत्रांत. दोनच वर्षांनी हाच आर्थर दुसऱ्या बाजीरावाला गादीवर बसवण्यासाठी पुण्यात आला आणि पुढे असईची लढाई लढला. थोरल्याबद्दल बोलायचे ते धाकट्याशी. पेणच्या तारेतली निम्मी पत्रे याच जातीची आहेत. त्यांत थोरल्या आत्याबद्दलची कुरकुर आहे, आणि ती आत्या काशीहून आली की तिला न्यायला कोण जाणार याची काळजीही त्याच ओळीत आहे.

गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या अवघ्या चार-पाच वर्षांत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग काढले. त्यांत लढायांचे, तहांचे, खंडणीचे कागद आहेतच, पण पेशव्यांच्या खासगी आयुष्याला त्यांनी वेगळी जागा दिली याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे. लिहिणाऱ्याच्या लेखी मात्र त्या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. एकाच कागदावर मोर्चे कुठवर आले ते असायचे आणि घरात कोण आजारी आहे तेही. राजवाडे, खरे, सरदेसाई या इतिहाससंशोधकांनी वाड्यावाड्यांतून, पोटमाळ्यांवरून, बासनांतून हे कागद गोळा केले नसते तर आपल्याला मोर्चे बखरींतून कळले असते. आजारपणे कुठून कळली असती?

बाजीराव आणि चिमाजीअप्पा हे श्रीवर्धनच्या भटांचे मुलगे, म्हणजे आमच्याच रायगड जिल्ह्यातले. वडील १७२० च्या एप्रिलात गेले तेव्हा बाजीराव विसाव्या वर्षात आणि अप्पा त्याहून सात वर्षांनी लहान. तेव्हापासून दोघांच्या आयुष्यात एकत्र राहण्याचे दिवस थोडे आणि पत्रांचे दिवस फार. एक माळव्यात तर दुसरा पुण्यात. एक निजामाच्या मागे तर दुसरा कोकणात. १७३३ च्या पावसाळ्यात बाजीराव जंजिऱ्याच्या मोहिमेसाठी राजपुरीला, रोह्याच्या दक्षिणेला, सिद्दीच्या समोर बसला होता. आमच्याकडचा आषाढ ज्याने पाहिला आहे त्याला त्या छावणीची कल्पना येईल. चुलीत लाकूड पेटत नाही, कपडा वाळत नाही, चामड्याला बुरशी येते, आणि कागद तर हातात धरवत नाही, शाई पसरते. अशा ओलीत कुणीतरी मांडी घालून, बोरू तासून, मोडीत फारसा हात न उचलता भावाला लिहायला बसत असे.

त्या दोघांच्या घरात सांगण्यासारखे पुष्कळ होते. आई राधाबाई १७३५ मध्ये काशीयात्रेला निघाल्या त्या पुढच्या वर्षी परतल्या. म्हातारी आई उत्तरेतून, राजपुतान्यातून, मोगलांच्या मुलखातून फिरते आहे आणि मुलगे तिच्यापासून लांब. ती कुठे पोचली, तिचा मान कोणी कसा ठेवला, याच्या बातम्यांवर दोघांचे लक्ष. बहिणी दोन : भिऊबाई बारामतीच्या जोशांकडे, अनुबाई इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे. अप्पाची बायको रखमाबाई १७३० मध्ये गेली तेव्हा मुलगा सदाशिव अगदी तान्हा. तो आजीच्या अंगाखांद्यावर वाढला. अशा घरात कुणाचा दात आला, कुणाची मुंज ठरली, कुणाला देवी आल्या, हे वर्तमान फौजेच्या वर्तमानाइतकेच निकडीचे. आणि जे उघड बोलता येत नव्हते तेही होते. बाजीराव आणि मस्तानी यांच्या नात्यावरून १७३९-४० च्या हिवाळ्यात घरात जी घालमेल झाली तिचा माग आपल्याला लागतो तो घरच्याच माणसांच्या पत्रांमधून. भाऊ, मुलगा, आई सगळेच कासावीस. कोणी कठोर झाले, पण सुखात कोणीच नव्हते. ती पत्रे वाचताना मला नेहमी वाटते, हा मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी नव्हता. तो ज्याच्यासाठी लिहिला त्याने एकट्याने दिवा जवळ घेऊन वाचावा असाच होता.

तशी सोय त्या वेळी एकच : महत्त्वाचे कागदावर घालायचेच नाही. ‘बाकी वर्तमान मुखजबानी सांगतील’ असे लिहून पत्र नेणाऱ्यावर सोडायचे. पोस्टकार्डाचीही अडचण तीच. पोस्टमास्तर वाचतो, पोस्टमन वाचतो, दारात वाचून दाखवत असताना शेजारची काकू कुंपणापाशी थांबते. म्हणून रोह्याच्या आजोबांनी एक भाषा तयार केली होती. ‘आपल्या त्या माणसाचे’, ‘मागे लिहिले होते त्या प्रकरणाचे’, ‘पुलापलीकडच्या मंडळींचे’. आणि शेवटी, कार्डाची जागा संपत आली की, ‘बाकी समक्ष भेटीत.’ ते समक्ष काही कधी बोलले असतील असे मला वाटत नाही. ओटीवरचा तो अडकित्ता आणि ती वर्तमानपत्राची घडी मी पाहिलेली आहे.

तारेतली पत्रे एकदा क्रमाने लावायला बसले तेव्हा एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. त्यांत मरणाचे एकही पत्र नाही. आमच्याकडे तशा पत्रावर ‘श्री’ घालत नाहीत आणि ते घरात ठेवतही नाहीत. वाचायचे, फाडून टाकायचे, अंघोळ करायची. म्हणजे घरात घडलेली सगळ्यात मोठी बातमीच तारेत नाही. ती शोधावी लागते. पाच-सहा वर्षे प्रत्येक कार्डात ‘मावशीस नमस्कार’ येतो आणि एका श्रावणात तो यायचा थांबतो. ‘सौ.’ लिहिलेले असते त्या जागी पुढच्या वर्षी काहीच नसते, आणि स्वयंपाकाला बाई ठेवली असे येते. १९८९ च्या जुलैत आंबा नदीला आलेल्या पुराने जांभूळपाड्यात हाहाकार केला, नागोठण्यात पाणी घुसले, पेण-रोह्याचा रस्ता तुटला. त्यानंतरचे कार्ड आहे. ‘आम्ही सर्व सुखरूप, काळजी नसावी’ एवढीच ओळ, पूर्ण कार्डात एकच. एरवी पत्त्याच्या बाजूलाही जागा न सोडणाऱ्या माणसाने जवळजवळ सगळे कार्ड कोरे पाठवले आहे.

बाजीरावाच्या मरणाची बातमी धाकट्या भावाला कळली ती याच किनाऱ्यावर. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये गेल्यावर त्यांच्या मुलांत तेढ पडली. पुढे मानाजी अलिबागच्या कुलाब्याला आणि संभाजी दक्षिणेकडे सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाला, अशी दौलतीची दोन तोंडे झाली. १७४० मध्ये संभाजीने कुलाब्यावर स्वारी केली. मानाजीने पेशव्यांची मदत मागितली म्हणून बाजीरावाचा मुलगा नानासाहेब आणि पाठोपाठ चिमाजीअप्पा कुलाब्याकडे आले. तिकडे नर्मदेकाठी रावेरखेडी इथे २८ एप्रिलला बाजीरावाने देह ठेवला. नर्मदेपासून अलिबागच्या समुद्रापर्यंत ती बातमी चालत आली, कित्येक दिवस. त्या दिवसांत अप्पाच्या लेखी भाऊ जिवंत होता. दोन भावांचे भांडण मिटवायला आलेल्या माणसाच्या हातात स्वतःचा भाऊ गेल्याचा कागद पडला. तो कसा वाचला गेला असेल याचा विचार मी पुष्कळदा करते. अलिबागच्या वाटेवर पोयनाड मागे पडले आणि खारा वारा लागला की हटकून करते. आधीच छातीच्या दुखण्याने खंगलेला अप्पा त्याच वर्षी डिसेंबरात गेला.

आंग्रे भावांची आठवण काढताना आमच्या घरातली वाटणीही आठवते, कारण तीही झाली. खालची खाचरे कोणाची, विहिरीचे पाणी किती दिवस कोणी घ्यायचे, आईची पाटली कोणाकडे. मोठी माणसे बसवावी लागली. त्या वर्षातली कार्डे मी मुद्दाम वेगळी काढून पाहिली. ‘ती. अण्णांस सा. न. वि. वि.’ हा मायना तसाच आहे. खाली पाऊस, भात, गाय, गुडघा. ऐकतो-बोलतो काही नाही. कोणाचे लग्न मोडले नाही, कोणाची बदली झाली नाही, सगळे रोहा गाव जणू वर्षभर गप्प बसले आहे. पण कार्ड दर पंधरवड्याला आले आहे, एकही खाडा नाही, आणि प्रत्येकावर लाल पेन्सिलीने ‘उ. दि.’ आहे. मग एका चैत्रातल्या कार्डात, मध्येच, काही संबंध नसताना : स्टेशनाजवळच्या दुकानदाराने दुसरे लग्न केले अशी गावात आवई आहे. मला ते वाक्य फार आवडते. समेट झाला असे कुठेही लिहिलेले नाही.

इकडची तिकडची करणे हे बायकांचे काम, असे आमच्याकडे पुरुष सर्रास म्हणतात. ज्यांनी ही तार पाहिली आहे किंवा दप्तराचे दोन भाग चाळले आहेत त्यांनी तरी असे म्हणू नये. रोह्याच्या आजोबांनी मजकुरात एकदाही ‘आठवण येते’ असे लिहिले नाही. त्या पिढीच्या, त्या घरांतल्या पुरुषांना ते लिहिता येत नव्हते. तीर्थरूपांना तर नाहीच नाही. त्याऐवजी ते दुसऱ्याच्या घरातले सांगत. वकिलांची मुलगी, दुकानदाराचे लग्न, देशावरचा पोस्टमास्तर, ही माणसे पेणला कोणी पाहिलेलीही नव्हती. पण आजोबा त्यांची पुढची हकिकत मागवत : त्या मुलीचे मग काय झाले?

आमच्या तारेत अर्थात रोह्याचीच बाजू आहे. पेणहून गेलेली कार्डे रोह्याला गेली. तिथले घर पडले, नवी इमारत झाली, आणि ती कार्डे कोणी ठेवली नाहीत. एका बाजूचे बोलणे ऐकून दुसरी बाजू जुळवायची, हे काम मी आता पुष्कळ केले आहे. तरी काही गाठी सुटत नाहीत. सत्तरच्या दशकातल्या तीन कार्डांत ‘पुलापलीकडच्या मंडळींचे’ प्रकरण येते, दर वेळी ‘समक्ष बोलू’ म्हणून सुटते आणि चौथ्या कार्डात ‘ते मिटले, बरे झाले’ एवढेच. कोणती मंडळी, काय मिटले, काही पत्ता नाही.

रोह्याच्या आजोबांची मुलगी, माझी आत्या, कुंडलिका नदीच्या पलीकडे अष्टमीत राहते. ऐंशी उलटली आहे, कान थोडे कमी झाले आहेत, पण बाकी सगळे शाबूत. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे ती चार कार्डे घेऊन गेले. तिने चष्मा लावला, वडिलांच्या अक्षरावरून बोट फिरवत सगळी वाचली, तार गेली होती त्या भोकावर थांबून मागचापुढचा शब्द लावून पाहिला, आणि एकदम हसायला लागली. ‘अगं, हे का! हे तर मला चांगलं आठवतंय.’ मग उठून स्वयंपाकघराचे दार पुढे लोटले, सून आत आहे की बाहेर ते पाहिले, पाय वर घेऊन पलंगावर नीट बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, ‘सांगते. पण आमच्याकडे एक बोलत होते आणि अण्णाकाका पेणला वेगळंच ऐकून होते. तेव्हा आधी तू सांग, तुमच्या पेणला काय बोलायचे?’